वाडा उतरवण्यापूर्वी

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, यांस

विषय : जुन्या पेठांतील वाडे उतरवताना त्यांच्या बांधकामाची थरवार नोंद सक्तीची करण्याबाबत

महोदय,

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये वाडा 'पाडला' असे सहसा कोणी म्हणत नाही, वाडा 'उतरवला' असे म्हणतात. हा शब्द प्रत्यक्ष व्यवहाराशी काटेकोरपणे जुळतो, कारण सागाच्या खांबांना, तुळयांना आणि कडीपाटाला, म्हणजे तुळयांवर कड्या टाकून त्यांवर फळ्या बसवलेल्या छताला, बाजारात अजून भाव आहे. त्यामुळे जुने बांधकाम विकत घेणारा ठेकेदार वाड्यावर एकदम यंत्र चालवीत नाही. तो आधी कौले, मग वासे, मग माडीच्या फळ्या, त्यानंतर तुळया, खांब आणि सर्वांत शेवटी भिंती व जोते अशा क्रमाने ती वास्तू सुटी करतो. बांधणाऱ्याने जे अखेरीस बसवले ते आधी निघते, आणि ज्याच्यावर सारा डोलारा उभा राहिला ते शेवटी उघडे पडते. उत्खनन करणारा पुरातत्त्वज्ञ जमीन उकलतो तीही याच क्रमाने. मात्र तो प्रत्येक थर काढण्यापूर्वी त्याचे मोजमाप, रेखाटन आणि छायाचित्र घेतो, आणि ठेकेदाराला तसे करण्याचे काहीच कारण नसते. प्रस्तुत पत्र या एका फरकाविषयी आहे.

सर्व वाडे वाचवावेत अशी मागणी येथे केलेली नाही, आणि तशी मागणी करणाऱ्यांनी पेठांतील मालक व भाडेकरू यांची अवस्था क्वचितच जवळून पाहिलेली असते. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधार मानली आणि पुढील अनेक दशके ती भाडी जवळपास तेथेच गोठून राहिली. ज्या वाड्यात पंधरा-वीस बिऱ्हाडे आहेत त्या वाड्याच्या मालकाला सगळ्यांच्या भाड्यातून वर्षाची कौले शाकारणेही परवडेनासे झाले, वारसांची संख्या पिढीगणिक वाढत गेली, आणि अखेरीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली, म्हणजे मोडकळीस आलेल्या किंवा पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामासंबंधीच्या कलमाखाली, दरवाजावर नोटीस चिकटली. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांच्या शंभर मीटर परिघात तर २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर नवे बांधकामच निषिद्ध असल्याने तेथील रहिवाशांना ना वाडा नव्याने बांधता येतो, ना सोडवतो. अशा माणसांना वारशाचे महत्त्व पटवून देणे हा उद्धटपणा ठरेल. वाडा उतरणार असेल तर उतरू द्यावा, पण तो वाचून झाल्यावर उतरावा, एवढेच येथे म्हणायचे आहे.

वाचायचे म्हणजे काय, हे समजण्यासाठी या शहराच्या जमिनीपासून सुरुवात करावी लागते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख 'पुण्य' व 'पुनक' विषय असा येतो, येथे विषय या शब्दाचा अर्थ प्रशासकीय विभाग असा आहे. त्याच शतकातील, एका कातळात खोदलेले पाताळेश्वराचे लेणे आज शिवाजीनगरच्या गर्दीत उभे आहे. वस्तीचा जुना गाभा मात्र कसब्यात आहे, आणि कसबा ज्या उंचवट्यावर बसला आहे त्याला गावगाड्याच्या भाषेत पांढरी म्हणतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, ही जोडी मराठी शेतकऱ्याला सांगावी लागत नाही, परंतु पांढरी पांढरी का होते हे मात्र सांगण्यासारखे आहे: शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिली, चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, चुना आणि खापरे तेथेच साचत गेली, आणि मूळ काळ्या जमिनीवर फिकट, भुसभुशीत मातीचा उंचवटा तयार झाला. पांढरी हा माणसांनी नकळत रचलेला थर आहे, आणि त्यात खालून वर जाताना काळ पुढे सरकतो.

या मातीचा आणखी एक गुण वास्तूंच्या अभ्यासकाला फसवणारा आहे. दख्खनमध्ये घरांच्या भिंती आणि धाब्याची छते याच पांढऱ्या मातीने बांधण्याची रीत होती, त्यामुळे भिंत फोडली की आत खापरे, हाडांचे तुकडे, कधी काचेच्या बांगडीचा तुकडा सापडतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की भिंत तितकीच जुनी आहे. प्रत्यक्षात भिंत दोनशे वर्षांची आणि तिच्यातील खापर तिच्याहून कितीतरी जुने असू शकते, कारण माती उकरून आणली तेव्हा जुना काळही तिच्याबरोबर टोपलीत आला. ज्याला थर वाचायचे आहेत त्याने थर आणि थरात मिसळलेली भर यांतला भेद आधी शिकावा लागतो, आणि तो भेद भिंत उभी असताना, तिच्या जागेवरच कळतो. ट्रकमध्ये भरलेल्या राडारोड्यातून तो कधीच कळत नाही.

१६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले आणि पुढे जिजाबाई व बालशिवाजी यांच्या काळात ते पुन्हा वसले, ही हकीकत प्रत्येक पुणेकराला शाळेपासून ठाऊक आहे. पण अशा जाळपोळीचा थर कसब्याच्या पोटात कोठे आणि किती जाड आहे, हे पाया खोल खणला गेला तरच दिसू शकते. नव्या इमारतींना वाहनतळासाठी तळघरे लागतात, त्यासाठी खणलेला खड्डा संपूर्ण पांढरी भेदून मुरमापर्यंत उतरतो, आणि अशा रीतीने एका भूखंडावर वरचा वाडा आणि खालची हजार वर्षे एकाच महिन्यात उचलली जातात. भुयारी मेट्रोच्या कामात २०१९ मध्ये स्वारगेटजवळ जुना भुयारी मार्ग उघडा पडला तेव्हा शहराला काही दिवस आपल्या पायाखालच्या जगाचे कुतूहल वाटले होते. पेठांत तेवढे खोल खड्डे दरवर्षी पडतात, फक्त ते पत्र्यांच्या आड असतात.

जमिनीवरचे थर नावांतही आहेत. शुक्रवार पेठ पूर्वी विसापूर, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापूर, आणि १७०३ मध्ये औरंगजेबाच्या मुक्कामाच्या वेळी वसलेली बुधवार पेठ मोहियाबाद म्हणून ओळखली जात असे. पेशवाईत वारांची नावे आली ती या जुन्या नावांवर. कोणत्याही एका नावाला खरे आणि उरलेल्यांना उपरे ठरवण्यासाठी थर वाचले जात नाहीत, हे येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे, कारण अलीकडे जमिनीखाली काय आहे हा प्रश्न बहुधा मालकी सिद्ध करण्याच्या घाईनेच विचारला जातो. अभ्यासकाचे काम क्रम सांगणे हे आहे. आधीचे ते खाली, नंतरचे ते वर, आणि दोन्ही या शहराचे.

या दृष्टीने पाहता पुण्यातील सर्वांत प्रसिद्ध वास्तूचा अनुभव बोधक आहे. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली आणि त्या पहिल्या वाड्याला १६,११० रुपये खर्च आला, एवढ्या तपशिलाने ही कथा कागदांत टिकली आहे. साग जुन्नरच्या रानातला, दगड चिंचवडच्या खाणीतला आणि चुना जेजुरीकडचा, हेही सांगितले जाते. पण बाजीरावाने बांधला तो तुलनेने बेताचा वाडा होता, आणि आज शनिवारवाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा कोट, बुरूज आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना यांचे काम नानासाहेबाच्या कारकिर्दीत पुरे झाले. त्यानंतर सवाई माधवराव आणि दुसरा बाजीराव यांच्या काळातील दिवाणखाने, कारंजी, मधल्या आगी, १८१८ नंतरचा इंग्रजी वापर, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागून सात दिवस धुमसलेली आग असे थरावर थर चढत गेले. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला, आत नंतर झालेली बांधकामे हटवण्यात आली आणि १९२३ पर्यंत जोती मोकळी करण्याचे काम चालले. आज पर्यटक ज्या दगडी चौथऱ्यांमधून हिंडतो ते त्या कामाचे फळ आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता असावीच. तरीही पेशवाई पाहण्यासाठी पेशवाईनंतरचे शतक काढून टाकले गेले, हे विसरता येत नाही. त्या वेळच्या पुरातत्त्वाला वैभवाचा थर हवा होता, कचेरीचा नको होता. आजच्या पालिकेने तीच निवड पुन्हा करू नये, कारण १८१८ नंतरचे पुणे हेही एव्हाना दोनशे वर्षांचे झाले आहे.

विश्रामबागवाडा हे याचे उलट, आणि पालिकेला अभिमान वाटावा असे उदाहरण आहे. १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावासाठी उभा राहिलेला हा वाडा १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा झाला, १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग गेला आणि तो पुन्हा बांधला गेला, पुढे तेथे पालिकेची कचेरी आली आणि टपाल कार्यालयही आले. बाजीराव रस्त्यावरून दिसणारे सुरूच्या झाडासारखे निमुळते नक्षीदार खांब पेशव्याचे आहेत, परंतु त्या वास्तूला आजवर जिवंत ठेवले ते विद्यार्थ्यांनी, कारकुनांनी आणि टपाल टाकायला येणाऱ्यांनी. एखाद्या इमारतीचा इतिहास तिच्या पहिल्या मालकाबरोबर संपतो ही समजूत त्या एका चौकात उभे राहिले तरी गळून पडते.

प्रसिद्ध वास्तूंची काळजी घेणारे लोक असतात. प्रश्न आहे तो ज्यांच्या नावाची पाटी कोठेच नाही अशा शेकडो साध्या वाड्यांचा, आणि तेथे थर किती दाट असतात हे एका भिंतीवरून दाखवता येईल. अशा वाड्याचे माजघर, म्हणजे ओटीमागची मधली, बहुधा खिडकी नसलेली खोली, उतरवणीच्या वेळी प्रथमच उन्हात येते. तिच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरव्या किंवा तपकिरी ऑइलपेंटचा पट्टा असतो आणि वर डिस्टेंपर, हा १९६० नंतरच्या बिऱ्हाडांचा थर. नखाने खरवडले की खाली नीळ घातलेली सफेदी दिसते, एकावर एक इतक्या वेळा दिलेली की तिचा पापुद्रा पुठ्ठ्यासारखा सुटून येतो. दर दिवाळीला किंवा घरातल्या लग्नाला एक हात, असा हिशेब धरला तर त्या पापुद्र्याच्या कडेवर वर्षे मोजता येतात. त्यांपैकी काही थर विशेष जाड आणि ओबडधोबड असतात. १८९७ च्या प्लेगमध्ये घरे रिकामी करवून, जमिनी उकरून भिंतींना चुना मारण्याची जी मोहीम चालली, तिच्या खुणा अशा थरांत शोधण्यासारख्या आहेत, आणि ज्या मोहिमेने शहराला प्लेग अधिकारी रँड याच्या वधापर्यंत नेले तिचा एक वस्तुरूप पुरावा माजघराच्या भिंतीवर असू शकतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सफेदीच्या खाली गेरूची किंवा काव या लाल मातीची बोटभर रेघ, तिच्याखाली गारगोटीने घोटून काचेसारखा केलेला चुन्याचा गिलावा, काही घरांत त्यावर फिकट झालेली वेलबुट्टी किंवा एखादा गणपती, आणि अगदी तळाशी भुसा मिसळलेली माती. नदीकाठच्या पेठांत याच भिंतीवर एक आडवी मळकट रेघ असते, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पाणी जेथपर्यंत चढले ती. ती रेघ रंगाखाली दडलेली असते आणि रंग निघाला की परत दिसते.

वर पाहिले तर तुळईला दोन लोखंडी कड्या असतात, झोपाळ्याच्या किंवा पाळण्याच्या. आणि जवळच लाकडी पट्टीवरून नेलेली कापडी वेष्टणाची वीजतार. कौले मंगलोरी असतील तर छप्पर १८६५ नंतरचे, कारण त्या वर्षी बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. छपराचा उतार आणि वाशांमधील अंतर मात्र त्याआधीच्या नळीच्या कौलांच्या मापाचे असेल, तर वासे जुने आणि पांघरूण नवे असा निष्कर्ष निघतो. शहाबादी फरशी रेल्वेने आणली, तेव्हा तीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची असण्याचा संभव फार कमी. पातळ आणि रुंद विटा पेशवाईकडे बोट दाखवतात, जाड विटा नंतरच्या काळाकडे. यांतील एकटी खूण निर्णायक नसते. चार खुणा एकमेकींना दुजोरा देऊ लागल्या म्हणजे वाडा बोलू लागतो.

खांबांच्या बाबतीत तर विशेष सावधपणा हवा. वाड्याचा खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर, म्हणजे मध्ये खाच असलेल्या घडीव दगडावर उभा असतो, आणि वरच्या टोकाला हस्त म्हणजे कोरीव आधारलाकूड तुळईचा भार घेते. अनेकदा अशा खांबाच्या अंगावर छातीच्या उंचीला एक चौकोनी खाच आढळते जी कशासाठीच उपयोगी पडत नाही. तिचा अर्थ असा, की हा खांब पूर्वी दुसऱ्या कोठेतरी दुसऱ्या कामासाठी उभा होता. साग महाग असल्याने एका वाड्याचे लाकूड दुसऱ्या वाड्यात लावण्याची रीत जुनीच आहे आणि जळालेल्या, मोडलेल्या वाड्यांचे साहित्य शहरभर फिरत राहिले. आजही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कोरीव तुकडे येतात, आणि पेठेतला खांब एखाद्या महामार्गावरच्या उपाहारगृहात शोभेला उभा राहतो. खांब वाचतो खरा, पण तो कोठून आला हे पुसले गेल्यावर त्याचे केवळ सामान उरते. उतरवताना खांबावर खडूने एक क्रमांक घातला आणि तोच क्रमांक नकाशावर लिहिला, तर पन्नास वर्षांनी कोणत्याही आवारात उभ्या असलेल्या त्या खांबाला आपला पत्ता सांगता येईल. सागाच्या खोडातील वर्षावर्षाच्या वलयांवरून हवामानाचा आणि काळाचा अंदाज बांधण्याचे शास्त्र पुण्यातच, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, अभ्यासले गेले आहे. तुळईच्या टोकाची हातभर चकती कापून ठेवली तर त्या शास्त्राला शहराच्या मधोमध जुन्या सागाचा साठा मिळेल. आज ती टोके करवतीखाली जळणात जातात.

इमारत जे सांगते त्याला कागदाची जोड द्यावी लागते, आणि या बाबतीत पुण्याइतके भाग्यवान शहर देशात क्वचित असेल. १८९१ मध्ये बांधलेल्या पुणे पुरालेखागारात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पेशवे दफ्तरात, कोट्यवधी मोडी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात निघालेले निवडक कागदांचे ४५ खंड हा त्या साठ्याचा लहानसा अंश आहे, आणि त्यांचा रोख स्वाभाविकपणे राजकारणावर आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे १९१० पासून जमा होत आलेली दफ्तरे आहेत. पेशवाईत शहराच्या कोतवालाकडे घरे व जागा यांच्या खरेदी-विक्रीचा कारभार असे. तेव्हाच्या कागदांत घराचे माप खणांत दिलेले असते. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि 'पाच खणी सोपा', म्हणजे पाच खणांची ओसरी, असे वाचले की वास्तूचा सांगाडाच मनासमोर येतो. त्यानंतर इंग्रजी अमदानीतील सिटी सर्व्हेचे नकाशे आणि चौकशी नोंदवह्या, मग मिळकत पत्रिका, मग पालिकेच्या स्वतःच्या घरपट्टीच्या नोंदी आणि मंजूर नकाशे. एखाद्या भूखंडाची ही साखळी जोडता आली आणि जागेवर मोजलेले खण कागदातल्या खणांशी ताडून पाहता आले, तर कोणता सोपा मूळचा, कोणता भाऊबंदकीत भिंत घालून तोडलेला, आणि रस्तारुंदीत दर्शनी चौक केव्हा गेला, हे ठामपणे सांगता येते. पण ही ताडणी वाडा उभा असेपर्यंतच शक्य आहे. कागद थांबतील, वाडा थांबणार नाही.

तिसरे दफ्तर माणसांचे आहे आणि त्याची मुदत सर्वांत कमी. देवडीतल्या दुकानात पूर्वी छापखाना होता, तळघराचे दार प्लेगनंतर चिणले, आडाला पाणी होते पण नळ आल्यावर तो बुजवला, बाळंतिणीची खोली पुढे कोणाचे बिऱ्हाड झाली, या गोष्टी नव्वदीतल्या भाडेकरूला ठाऊक असतात. नोटीस मिळाल्यावर ती व्यक्ती उपनगरातल्या मुलाकडे राहायला जाते आणि तिला कोणी काही विचारीत नाही.

भिडेवाड्याचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा ज्या वाड्यात सुरू केली, तो दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे यासाठी. वाडा जीर्ण झाला होता, त्याचे भाग कोसळले होते, आणि स्मारकाचा हेतू निर्विवादपणे योग्य आहे. तरी ज्या खोलीत त्या मुली बसल्या असतील तिची लांबी-रुंदी, तिच्यात उजेड कोठून येई, जिना किती अरुंद होता, बाहेरच्या रस्त्यावरून आत शिरताना त्यांना किती माणसांच्या नजरेसमोरून जावे लागे, हे नवे स्मारक कितीही भव्य झाले तरी सांगू शकणार नाही. या शहरात ज्या क्रांतीची सुरुवात एका सामान्य वाड्यातल्या जागेत झाली, तिचा अर्थच त्या जागेच्या सामान्यपणात होता. सामान्य वाडे वाचण्याची सवय शहराला आधीपासून असती, तर या वाड्याचे वाचन शेवटच्या रात्रीवर पडले नसते.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेविषयी. मालकांना भीती वाटते ती ही, की नोंद झाली म्हणजे वाडा वारसायादीत जाईल आणि पुनर्विकास अडकेल. ही भीती खोटी नाही, आणि ती दूर झाल्याशिवाय कोणीही अभ्यासकाला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. म्हणून नोंद आणि निर्बंध या दोन गोष्टी कायद्याच्या भाषेत वेगळ्या कराव्या लागतील: वारसा श्रेणी ही वास्तू टिकवण्यासाठी असते, प्रस्तावित नोंद ही उतरणाऱ्या वास्तूसाठी असेल, आणि तिच्या आधारे परवानगी नाकारता येणार नाही असे आदेशातच लिहावे. इंग्लंडमध्ये १९९० पासून नगररचनेच्या धोरणात हे तत्त्व आहे की जे टिकवता येत नाही ते नष्ट होण्यापूर्वी विकासकाच्या खर्चाने नोंदले जावे. पुण्यात हा भार मालकावर टाकण्याची गरज नाही. नव्या इमारतीच्या विकास शुल्कापुढे एका मोजणीचा खर्च किरकोळ आहे, तो पालिकेने उचलावा. काम करणारे हात शहरातच आहेत: वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी, डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाचे विद्यार्थी, मोडी वाचणारे अभ्यासक, आणि मुख्य म्हणजे उतरवणीचे काम करणारे सुतार व गवंडी, ज्यांना लाकडाच्या जोडावरून त्याचे वय सांगता येते परंतु ज्यांचे ज्ञान कोठल्याही अहवालात येत नाही. त्यांना या कामाची मजुरी मिळावी, केवळ आभार नव्हेत.

उतरवणी सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे आणि ती चालू असताना ठरावीक टप्प्यांवर काही तास, एवढी सवड पुरेशी आहे. पहिल्या टप्प्यात उभ्या वाड्याचा मोजून काढलेला नकाशा आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे. दुसऱ्यात गिलाव्याचे दोन-तीन ठिकाणी खरवडून घेतलेले थर आणि तुळईची चकती. आणि जोते उघडे पडल्यावर, यंत्र जमिनीत शिरण्याआधी, पायाच्या चराची बाजू साफ करून घेतलेली थरांची नोंद. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावापासून पेठांतल्या हौदांपर्यंत आणलेल्या नळाचा भाग भूखंडात लागला, किंवा त्यावरचा उसासा, म्हणजे नळातली हवा सोडण्यासाठी व तो साफ करण्यासाठी बांधलेला धुराड्यासारखा मनोरा आढळला, तर त्या एका बाबतीत मात्र काम थांबवून कळवण्याचे बंधन असावे, कारण तो नळ कोणा एका मालकाचा नसून शहराचा आहे आणि त्याचा पुरता माग अशा तुकड्यांतूनच लागेल. सर्व नोंदी मिळकत क्रमांकानुसार एका ठिकाणी, मराठीत आणि कोणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात.

मृत्यूची नोंद केल्याशिवाय अंत्यविधीचा दाखला मिळत नाही, हे पालिकेला माणसांच्या बाबतीत कधीच अवघड वाटले नाही.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांची पाहणी होते, याद्या तयार होतात आणि कलम २६४ च्या नोटिसा निघतात. त्या नोटिशीच्या नमुन्यात उतरवणीच्या नोंदीचे एक कलम घालणे आयुक्तांच्या अधिकारात आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या नोटिसा छापायला जाण्यापूर्वी ते कलम त्यांत यावे, ही विनंती.

कळावे,

पुण्याच्या पेठांतील वास्तूंचा एक अभ्यासक